ज्येष्ठ, वय वर्षे १८

आमच्या दाराची बेल वाजवणारे दोनच प्रकारचे लोक असतात. पार्सल देणारा आणि टीव्हीची वर्गणी मागणारा. आम्ही राहतो तोक्योच्या पूर्वेकडच्या निशिकासाईत. इथे भारतीय इतके आहेत की कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणि मेथी मिळते. पण इथले भारतीयही आता फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी तीनला बेल वाजली तेव्हा वर्गणीवालाच आला असणार असं धरून मी चेहऱ्यावर जमेल तेवढं दारिद्र्य आणलं आणि दार उघडलं.

बाहेर दोन गोरी पोरं उभी. पांढरे शर्ट, टाय, हातात सायकलचं हेल्मेट, आणि शर्ट घामाने अंगाला चिकटलेले. एक ताडमाड, एक चष्मिस. छातीवर काळी पाटी, तिच्यावर जपानीत आडनाव आणि आडनावाला जोडून 'चोरो'. जपानीत चोरो म्हणजे वडीलधारे, गावातली ज्येष्ठ मंडळी, ज्यांच्यासमोर बाकीचे आवाज खाली करतात. इंग्रजीत त्यांना एल्डर म्हणतात. मराठी कानाला चोरोमध्ये भलतंच काही ऐकू येतं, तो कानाचा दोष. ताडमाड ज्येष्ठांच्या हनुवटीवर मुरुमं होती.

ही मॉर्मन पंथाची मुलं. मॉर्मन हे खरं तर टोपणनाव. पंथाने 'मी मॉर्मन आहे' अशी मोठी जाहिरातमोहीम चालवली, आणि लोकांच्या तोंडी ते नाव चांगलं बसल्यावर, २०१८ साली अध्यक्षांनी सांगितलं की हे नाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव जपानीत 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाई'. ते म्हणून होईपर्यंत इंटरकॉमवरचा माणूस स्वयंपाकघरात परत गेलेला असतो. मी इंटरकॉम न उचलता थेट दार उघडलं, ही माझी चूक, आणि बहुधा त्यांच्या आठवड्यातली सगळ्यात मोठी घटना.

"अहो, पोरं भाजून निघालीत. आत तरी घ्या," आतून आवाज आला.

बूट काढले. जपानात माणसाची खरी परीक्षा उंबऱ्यावर होते, कारण तिथे मोजे दिसतात. ताडमाडच्या उजव्या मोज्याला अंगठ्याशी निळ्या दोऱ्याने घातलेले टाके होते, मोजा काळा. टाके त्याने स्वतः घातले होते, हे न विचारताही कळत होतं. बुटांचे तळ बाहेरच्या कडेला इतके झिजले होते की ते उंबऱ्यावर सरळ उभे राहिनात, कलंडले.

बायकोने चहाचं आधण ठेवलं. नको म्हणाले. तिला वाटलं संकोच करताहेत, म्हणून तिने आलं किसायला घेतलं. तेव्हा चष्मिस घाबरून उभाच राहिला. चहा चालत नाही. मग कॉफी? तीही नाही. बरं, इथला हिरवा चहा? नाही. आमच्याकडे चहा नाकारणारे तीन प्रकारचे असतात: उपासाचे, पित्ताचे आणि भांडायला आलेले. हा चौथा प्रकार तिने प्रथमच पाहिला. १८३३ साली पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना झालेल्या साक्षात्कारात गरम पेयं वर्ज्य सांगितली आहेत. त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला गेला. त्यामुळे गरम कोको चालतो आणि बर्फ घातलेला चहा चालत नाही. थोडक्यात, गरम आहे ते गरम नाही आणि गार आहे ते गरम आहे. हे मनापासून पटायला वय अठराच लागतं, आमच्यासारख्यांचं काम नाही.

आता अशा मुलाला पाठवायचं कुठे, तर जपानात, जिथे पाहुण्यासमोर चहा आला नाही तर घरात काही अशुभ घडलंय असं शेजारी समजतात. नियमात एक पळवाट आहे. सातूचा 'मुगिचा' चालतो, कारण त्यात चहाची पत्ती नसते. पण पेल्यातला गार मुगिचा आणि गार ऊलोंग चहा दिसायला सारखेच तपकिरी. त्यामुळे हे ज्येष्ठ कुणाच्याही घरी पेला आधी नाकाशी नेतात आणि मग ओठाला लावतात. यजमान समजतात, पोरगं रसिक आहे.

शेवटी आईने रत्नागिरीहून पाठवलेलं कोकमाचं आगळ निघालं. "यात पत्ती आहे का?" चष्मिसने विचारलं. फळ आहे म्हटल्यावर त्याने तीन पेले घेतले. ताडमाडने चार.

त्यानंतर पाच-सहा शनिवारी ते येत राहिले. त्यांना वाटत होतं की माझं मन वळतंय. मला वाटत होतं की कुणीतरी कौतुक करून कोकम पितंय. या गैरसमजावर आमची मैत्री झाली. एकदा मी घरी नव्हतो, बायको एकटी होती, तर ते बाहेरच उभे राहून बोलले आणि गेले. घरात बाई एकटी असताना आत जायचं नाही असा त्यांचा दंडक. बायकोने त्या दिवशी सरबताचे पेले दाराबाहेर नेऊन दिले आणि ते त्यांनी जिन्यात बसून प्यायले. शेजारच्या आजींनी ते पाहिलं. आमच्याबद्दल इमारतीत काय बोललं गेलं ते माहीत नाही.

या बैठकांमधून मला त्यांच्या कामाची व्यवस्था कळत गेली, आणि मी तिच्या प्रेमात पडलो. इतकी सर्व बाजूंनी चुकीची योजना माझ्या पाहण्यात नाही. एखादी गोष्ट थोडी चुकली की ती सुधारावीशी वाटते. ही पूर्ण चुकलेली आहे, म्हणून परिपूर्ण आहे.

वयापासून बघा. मुलाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही त्या वयात त्याला परक्या देशात लोकांच्या मरणोत्तर प्रश्नांची जबाबदारी दिली जाते. पूर्वी मुलांसाठी किमान वय १९ होतं. २०१२ साली विचारपूर्वक ते १८ केलं. मुलींचं २१ होतं, ते तेव्हा १९ केलं. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्षं. मुलींना तेवढ्यात समजतं असं दिसतं.

देश निवडायचा हक्क नाही. अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीहून हुकूम यायची वाट बघायची. आधी जाड पाकीट यायचं, आता ऑनलाइन पत्र येतं. ते उघडताना अख्खं गोत दिवाणखान्यात जमतं, मावश्या-काका अंदाज बांधतात (पैसे लावत नाहीत, जुगार निषिद्ध). ताडमाड हा आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला. त्याच्या काकांनी ब्राझील म्हटलं होतं, आईने मनातल्या मनात शेजारचं राज्य. निघालं जपान. आई रडली, काका हरले.

पगार नाही. उलट पैसे मुलाने भरायचे. २०२० पासून अमेरिकेतल्या मुलांसाठी हा दर महिन्याला ५०० डॉलर आहे, मग पाठवणी तोक्योला होवो की तोगोला. दोन वर्षांचे १२ हजार डॉलर, आपले दहा लाखांच्या घरात. पोरं लहानपणापासून डब्यात नाणी साठवतात. ताडमाडने लोकांच्या अंगणातलं गवत कापून आणि काकांच्या गाई पिळून पैसे जमवले. दहा लाख खर्चून दारोदार 'नको' ऐकत फिरायचं, ही सोय दुसऱ्या कुठल्याही सहलकंपनीकडे नाही.

भाषा? युटामधल्या प्रोवोला मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. जपानीला सुमारे नऊ आठवडे. नऊ आठवड्यांत आमच्या ऑफिसात नव्या माणसाला ओळखपत्र मिळत नाही. एवढ्यात मुलं 'प्रायश्चित्त', 'पुनरुत्थान', 'चिरंतन कुटुंब' हे शब्द जपानीत धडाधड म्हणू लागतात. 'सायकलची चेन पडली' हे त्यांना येत नाही. चष्मिसने एकदा सायकलच्या दुकानात खुणांनी सांगायचा प्रयत्न केला, तर दुकानदाराने त्याला आपल्याला जपानी येत नाही अशी खूण केली.

आणि जोडीदार. मिशनरी कधीही एकटा नसतो. जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा, रात्रंदिवस. तो निवडायचा नाही, बदलून मागायचा नाही. दर सहा आठवड्यांनी वरून बदल्यांचे हुकूम येतात, त्यात सुटका झाली तर झाली. साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. पोहायचं नाही, तेही चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, असा कडक रिवाज होता. २०१९ पासून आठवड्याला एकदा बोलायची मुभा मिळाली. आठवड्यातली अर्धी-पाऊण सुट्टी बहुधा सोमवारी. तीत कपडे धुवायचे, किराणा आणायचा आणि आईला सांगायचं की सगळं छान चाललंय.

छान चाललेलं असतं, कारण जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो 'केक्को देसु' म्हणतो. या शब्दांचा एक अर्थ 'उत्तम आहे' आणि दुसरा 'नको'. ताडमाडने पहिले तीन आठवडे डायरीत लिहिलं होतं की लोकांना आमचा संदेश उत्तम वाटतो. जोडीदाराने त्याला खरा अर्थ चौथ्या आठवड्यात सांगितला. मोठ्या मनाचा असणार. मी असतो तर पहिल्या दिवशीच सांगून बसलो असतो.

ही परंपरा जुनी आहे, आणि आपल्या पुण्यालाही तिने वगळलेलं नाही. सप्टेंबर १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला, तिथून पुण्याला गेला, मराठीचा अभ्यास करू लागला, आणि १८५५ साली त्याने मुंबईत चक्क मराठ्यांना उद्देशून, खरा आणि जिवंत देव कोणता हे सांगणारी पुस्तिका काढली. पुण्यात त्याच्याभोवती बोटांवर मोजण्याइतकी मंडळी जमली. 'तुमचं चुकतंय' हे पुण्यात जाऊन पुणेकरांना सांगायचं, त्यासाठी आधी मराठी शिकायचं, आणि वर ते छापून काढायचं! त्याच्या धैर्याचं एखादं स्मारक तरी असायला हवं होतं.

पण खरा मान जपानचाच. १२ ऑगस्ट १९०१ रोजी हीबर ग्रँट तीन सहकाऱ्यांसह योकोहामाला उतरले. पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक, मूळचे विम्याच्या धंद्यातले, म्हणजे माणसाला न दिसणारी गोष्ट विकण्याचा पूर्वानुभव. मॉर्मन म्हणून त्यांना सुरुवातीलाच एका ठिकाणी राहायला जागा नाकारली. जपानी भाषा त्यांच्या तोंडात बसेना. दोन वर्षांत बाप्तिस्मे किती, तर एका हाताची बोटं उरली. ग्रँट यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, एकदा ते झाडीत एकटे जाऊन देवाला म्हणाले की इथलं माझं काम संपलं असेल तर घरी बोलव. आणि काही दिवसांतच परत या म्हणून तार आली. ज्या प्रार्थनेचं फळ इतक्या लवकर मिळालं, अशी जपानातली ही एकच असावी.

सोबत एक पोरगा होता, आल्मा टेलर, जेमतेम एकोणीस वर्षांचा. पुढारी परतला, हा राहिला. दोन वर्षांसाठी नव्हे, १९१० पर्यंत. 'मॉर्मनचं पुस्तक' हा पंथाचा धर्मग्रंथ जपानीत आणायचं त्याने मनावर घेतलं, वर्षानुवर्षं खपला, आणि १९०९ साली ते छापून झालं. भाषेवर शेवटचा हात फिरवायला त्याने इकुता चोको या तरुण साहित्यिकाला गाठलं. इकुतांनी काम चोख केलं. मग त्यांनी पुढचं काम हाती घेतलं आणि १९११ साली नीत्शेचा 'झरथुष्ट्र', म्हणजे देव मेल्याची बातमी देणारा ग्रंथ, जपानी वाचकांना दिला. जपानी कारागीर हातातल्या कामाशी इमान राखतो.

हिशेब असा: १९०१ ते १९२४ या २३ वर्षांत ८८ मिशनरी, १६६ बाप्तिस्मे. माणशी दोन पडत नाहीत. १९२४ साली मिशन बंद करायचा निर्णय झाला. तो निर्णय घेणारे पंथाचे तेव्हाचे अध्यक्ष कोण? हीबर ग्रँट. मधल्या काळात ते पदाने चढत गेले होते. असा अनुभव गाठीशी असलेला कुणीही शहाणा माणूस पुन्हा त्या वाटेला गेला नसता. पंथाने १९४८ साली मिशन पुन्हा उघडलं.

अकलेने काम करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. साधारण १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मिशनरी पोरांनी बेसबॉलचे संघ काढले. संघात यायचं तर बाप्तिस्मा घ्यायचा. इंग्रज पोरं पटापट पाण्यात उतरली, आकडे वर गेले, कौतुक झालं. मोसम संपल्यावर पोरं चर्चच्या यादीत तेवढी उरली, बाकावर नाही. शहाणपण घुसलं की या धंद्याचं असं होतं. जपानात आता इंग्रजी संभाषणाचे फुकट वर्ग घेतात, आणि तिथे शिकायला येणारे जपानी लोक दोन-दोन वर्षं नेमाने येतात, इंग्रजी सुधारतात, नाताळला केक आणतात आणि 'केक्को देसु' म्हणून जातात. कोण कुणाला गळाला लावतंय हे सांगणं कठीण आहे.

२०२४ च्या अखेरीस जगभर ७४ हजारांहून जास्त मिशनरी होते, आणि त्या वर्षी तीन लाख आठ हजारांवर लोक नव्याने पंथात आले. भागाकार केला की माणशी वर्षाला चार येतात, त्यातले बहुतेक जपानाबाहेरचे. ताडमाडला मी दुसऱ्या भेटीतच विचारलं होतं, तुझे किती झाले? पंधरा महिने झाले होते त्याला. तो म्हणाला, "शून्य." मग घाईने म्हणाला, "पण एक आजोबा विचार करताहेत." आजोबा ब्याण्णव वर्षांचे होते.

इतका वेळ फुकट घालवलेल्या मुलांचं पुढे वाटोळं होतं असं दाखवता आलं असतं तर हा लेख सोपा झाला असता. पण क्लेटन क्रिस्टेन्सेन कोरियात दोन वर्षं दारं ठोठावून आला आणि हार्वर्डला प्राध्यापक झाला. मिट रॉम्नीने साठच्या दशकात फ्रान्समध्ये, त्यातही बोर्दोमध्ये, लोकांना वाइन सोडायला सांगितलं. त्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरणं त्याला जड गेलं नसावं. न्यूयॉर्कला २०११ साली या मिशनरी पोरांची यथेच्छ टर उडवणारं संगीत नाटक आलं आणि तुफान चाललं. पंथाने ना मोर्चा काढला, ना तंबू उखडला. नाटकाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत जाहिरात दिली की नाटक बघून झालं असेल तर आता मूळ पुस्तक वाचा. आपल्याकडच्या संघटनांनी यातून काही शिकू नये, त्यांचं बरं चाललंय.

सगळेच दोन वर्षं टिकत नाहीत. कुणी आजारी पडतो, कुणाचं मन मोडतं, कुणाचा विश्वास. तो मधेच घरी परततो. चष्मिसचा पहिला जोडीदार असा परत गेला. "मग गावात लोक काय म्हणाले त्याला?" बायकोने विचारलं. चष्मिस थोडा थांबून म्हणाला, "काही नाही. त्याच्याशी कुणी काही बोलतच नाही." पूर्ण करून आलेल्याला मात्र चांगली स्थळं येतात. तिला हे लगेच समजलं. मलाही.

मला समजायचं कारण माझा भाचा. ताडमाडच्याच वयाचा. आमच्या घराण्यात असला खुळेपणा कुणी केलेला नाही, त्यामुळे ताईने त्याला दहावीनंतर लातूरला पाठवलं, नीटच्या तयारीला. एका खोलीत चार मुलं, खोलीतले सोबती त्याने निवडलेले नाहीत. पाचला उठायचं. मोबाइल काढून घेतलेला. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. रविवारी दहा मिनिटं घरी फोन, त्यात आईला सांगायचं की सगळं छान चाललंय. दोन वर्षं तीच पुस्तकं, तोंडपाठ. खर्च ताडमाडपेक्षा थोडा कमी आला. तोही घरच्यांनी भरला, गवत कापायला लागलं नाही. भाच्याला दारोदार फिरावं लागलं नाही. ताडमाडला रोज चाळीस-पन्नास नकार मिळत, ते तो संध्याकाळी सायकल लावताना मोजून हसत असे. भाच्याला नकार एकच मिळाला, निकालाच्या दिवशी. त्याबद्दल तो अजून कुणाशी बोललेला नाही. ताईने त्याला रिपीटर बॅचला घातलंय. शहाणी माणसं एका अनुभवावरून मत बदलत नाहीत.

मागच्या महिन्यात ताडमाडची बदली झाली, दुसऱ्या गावाला. जाताना तो निरोप घ्यायला आला. जपानी बरंच सुधारलं होतं. चेन पडली हे आता व्यवस्थित सांगता येत होतं. ब्याण्णव वर्षांच्या आजोबांचं काय झालं, मी विचारलं. म्हणाला, "नाही म्हणाले. पण केक्को नाही म्हणाले. सरळ 'इइए' म्हणाले, नाही." त्याला त्याचा भारी आनंद झाला होता. इतक्या महिन्यांत कुणीतरी तोंडावर नाही म्हणालं होतं.

परवा चष्मिस नवा जोडीदार घेऊन आला. पोरगा प्रोवोहून ताजा, शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, बूट सरळ उभे राहणारे. त्याने पाठ केलेली ओळख एका दमात म्हटली, मध्ये एक क्रियापद विसरला, आणि बायकोने पुढे केलेला पेला नाकाशी नेला. चष्मिस त्याला हळूच म्हणाला, "हे चालतं. फळ आहे."

आगळाची शेवटची अर्धी बाटली राहिली आहे. निशिकासाईच्या दुकानात बाकी सगळं मिळतं, हे मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास तुमच्यापैकी कुणी तोक्योला येणार असेल तर दोन बाटल्या घेऊन या. झाकणाला चिकटपट्टी लावा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा, गळतं.